डांबरीपर्यंत: खानापूरच्या रानात फोर बाय फोर बंद पडली तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे निघालं की मोबाईलवरच्या रेंजच्या काड्या एकेक करून गळायला लागतात. आमगाव, गवळी, कोंगळा, पास्तोली, हेम्माडगा या बाजूला तर फोन हे फक्त घड्याळ. जून ते सप्टेंबर तांबड्या मातीचा राडा, पाऊस उघडला की जांभ्या दगडाचे उघडे पडलेले दात, आणि अधूनमधून नाले. या रस्त्यांवर गाडी बंद पडणार की नाही हा प्रश्नच नसतो, कधी पडणार एवढाच असतो.

आमच्याकडे वीस वर्षं एक जुनी डीआय जीप होती. तिनं मला एक गोष्ट शिकवली, तीच इथं सांगायची आहे. रानात गाडी दुरुस्त करायची नसते, डांबरीवर आणायची असते. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथ आहे, वेल्डिंग आहे, मेस्त्री आहे, पार्ट मिळतो. तुमच्याकडे पाने, पक्कड, तार आणि दोन-तीन तासांचा उजेड आहे. म्हणून प्रत्येक जुगाड करताना स्वतःला विचारायचं, हे किती किलोमीटर टिकायला पाहिजे आणि किती वेगानं? उत्तर बहुतेक वेळा "पंधरा किलोमीटर, पायी चालण्याच्या वेगापेक्षा थोडं जास्त" असं निघतं. त्याला लागणारी दुरुस्ती आणि गोव्यापर्यंत जायला लागणारी दुरुस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आधी एक कायद्याची गोष्ट. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. तिथं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. परवानगीशिवाय आत शिरायचं नाही आणि रस्ता सोडून रानात गाडी घालायची नाही. गाडी अडकली म्हणून झाड तोडायचं नाही, शेकोटीही पेटवायची नाही. खाली जिथं लाकूड, फळी, ठोकळा असं लिहिलंय, ते घरून न्यायचं किंवा गावात मागायचं.

पहिली दहा मिनिटं हात लावू नका

गाडी थांबली की इग्निशन बंद, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. मग खाली उतरा आणि गाडीभोवती एक फेरी मारा. हे सांगायला सोपं वाटतं, पण घाबरलेला माणूस पहिल्यांदा स्टार्टर मारत बसतो आणि अर्ध्या तासात बॅटरीही घालवतो. मग एका बिघाडाचे दोन होतात.

नाक, डोळे, कान, याच क्रमानं. गोडसर वास म्हणजे कूलंट. जळक्या रबराचा वास म्हणजे पट्टा किंवा वायर, आणि करपलेल्या कागदासारखा तिखट वास म्हणजे क्लच. गाडीखाली वाकून बघा. थेंब काळा असेल तर इंजिन ऑईल, हिरवा किंवा लाल असेल तर कूलंट, दाट आणि घाणेरड्या वासाचा असेल तर गिअर किंवा डिफरन्शियलचं ऑईल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ तेलकट ओल दिसली तर ब्रेक ऑईल. बंद पडण्याआधी काय झालं तेही आठवा. आचके देत बंद पडली असेल तर डिझेल-पेट्रोल तपासा. एकदम, दिवा विझल्यासारखी गेली असेल तर करंट. खण्ण आवाज झाला असेल तर खाली काहीतरी तुटलंय.

सूर्य मावळायला किती वेळ आहे ते याच दहा मिनिटांत मोजा. दोन तासांपेक्षा कमी असेल तर मोठं काम उघडायचं नाही. अर्धवट सोडलेली गाडी ही बंद पडलेल्या गाडीपेक्षा वाईट.

स्टार्टर फिरतो, इंजिन घेत नाही

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांना, म्हणजे मेजर, कमांडर, जुनी बोलेरो यांना, लागणारा नेहमीचा रोग म्हणजे लाईनमध्ये हवा धरणं. टाकीत डिझेल कमी होतं, चढावर गाडी तिरकी झाली, पाईपनं हवा ओढली, झालं. कुठंतरी पाईप घासून बारीक भोक पडलं असेल तरी हेच होतं, म्हणून आधी टाकीपासून फिल्टरपर्यंत ओली जागा शोधा.

हवा काढायची पद्धत अशी. टाकीत कॅनमधलं डिझेल ओता. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू किंवा बोल्ट असतो, तो पान्यानं दोन आटे सैल करा. फीड पंपावरचा हातपंप दाबत राहा. आधी फस्स, मग साबणाच्या पाण्यासारखा फेस, मग बुडबुडे, आणि शेवटी बुडबुडा नसलेली डिझेलची सलग धार येते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पंप सोडून आवळलात तर हवा परत आत जाते, आणि नवशिक्याचं इथंच चुकतं. मग फ्युएल पंपावरच्या स्क्रूला हेच करा. एवढ्यानं नाही झालं तर इंजेक्टरवरचे पाईपाचे नट एकेक आटा सैल करा आणि सोबतच्याला दहा सेकंद स्टार्टर मारायला सांगा. नटातून डिझेल उडायला लागलं की आवळा. इंजिन एका सिलिंडरवर खोकतं, मग दोन, मग सुरू.

हे सगळं फक्त जुन्या गाड्यांसाठी. नवी थार, स्कॉर्पिओ अशा कॉमन रेल डिझेल गाडीत इंजेक्टरचा पाईप सैल करायचा नाही म्हणजे नाही. तिथं दाब हजार बारच्या वर जातो, आणि ती बारीक धार कातडी फोडून आत शिरते. त्या गाड्यांत फिल्टरजवळचा हातपंप किंवा रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा आणि चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करा, बस. डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला असेल तर फिल्टरच्या बुडाचा खटका सैल करून तळाचं पाणी काढा. रानातल्या मुक्कामात डब्यातून डिझेल ओतलेल्या गाड्यांना हे हमखास होतं.

पेट्रोल गाडी, म्हणजे आपली जिप्सी, असेल तर चावी ऑन केल्यावर टाकीकडून दोन सेकंद गुणगुण ऐकू येते का बघा. नाही आली तर फ्युज, मग रिले. हॉर्नचा रिले पुष्कळदा त्याच मापाचा असतो, अदलाबदल करून बघा. फ्युज मात्र त्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून काम भागवणारे मी पाहिलेत, आणि डॅशबोर्डखालून धूर निघालेलाही पाहिलाय.

स्टार्टरच फिरत नाही

नुसतं टक् होत असेल तर दहापैकी सात वेळा बॅटरीचं टर्मिनल. खडबडीत रस्त्यानं ते सैल होतं, किंवा त्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते. काढा, घासा, आवळा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. तरी टक्टक् चालूच असेल तर चाक उचलायच्या टॉमीनं स्टार्टरच्या अंगावर हलके ठोके द्या आणि त्याच वेळी चावी मारायला सांगा. आत अडकलेला ब्रश सुटतो. हे एकदा-दोनदाच चालतं, म्हणून नंतर डांबरी येईपर्यंत इंजिन बंद करू नका.

ढकलून सुरू करायची असेल तर दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की झटकन सोडा. ऑटोमॅटिकला हे चालत नाही. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर मेला असेल तर एसी, पंखा, गाणी, दिवे सगळं बंद करा. जुनं मेकॅनिकल डिझेल इंजिन जवळपास करंटशिवाय चालतं. नव्या गाडीला बॅटरी किती वेळ पुरेल हे तुम्ही किती काटकसर करता यावर आहे, म्हणून उजेड असताना निघा.

नाल्याचं पाणी प्यालेली गाडी

खानापूर-हेम्माडगा रस्त्यावरचा हलात्री नाला पावसाळ्यात पुलावरून वाहतो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. तरी दरवर्षी कुणीतरी घालतोच. चालत जाऊन खोली बघितल्याशिवाय गाडी घालायची नाही. पाणी वाहतं असेल आणि गुडघ्याच्या वर असेल तर चालायचंही नाही, परत फिरायचं.

पण झालं असं समजा. गाडी पाण्यात मधोमध बंद पडली. स्टार्टर मारू नका. हे वाक्य डॅशबोर्डवर चिकटवून ठेवण्याच्या लायकीचं आहे. इंजिनानं हवेऐवजी पाणी ओढलं असेल तर ते सिलिंडरमध्ये बसतं. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. डिझेलमध्ये तर दाब इतका जास्त की एका फेरीत हजारांचं काम लाखावर जातं.

गाडी न्यूट्रलवर ओढून बाहेर काढा. एअर फिल्टरचं झाकण उघडा. फिल्टर कोरडा असेल तर नशीब तुमचं, बहुतेक फक्त वायरिंग भिजलंय. पुसा, वाळवा, अर्धा तास थांबा. फिल्टर ओला असेल तर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढा, प्लगची करंटची जोडणी सोडवून ठेवा आणि मग स्टार्टर मारा. प्लगच्या भोकांतून पिचकाऱ्या उडतील, तोंड बाजूला ठेवा. पिचकारी संपेपर्यंत फिरवा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा, प्लग पुसून बसवा. डिझेलला ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढायला लागतात. ते ज्याला जमतं त्यानंच करावं, बाकीच्यांनी गाडी ओढून न्यावी.

सुरू करण्याआधी ऑईलची काडी बघायची. ऑईल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय, सुरू करायची नाही.

तापली

काटा लालकडे गेला की थांबा. बॉनेटखालून वाफ येत नसेल आणि कूलंट गळत नसेल तर इंजिन थोड्या चढ्या आयडलवर चालू राहू द्या, हीटर फुल्ल करा. उन्हाळ्यात हे नरकासारखं वाटतं, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. वाफ किंवा गळती असेल तर मात्र लगेच बंद. रेडिएटरचं झाकण पाऊण तास उघडायचं नाही. घाईत उघडून हात भाजून घेतलेले लोक प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतात.

तोवर रेडिएटरचं तोंड बघा. आमच्या बाजूला तापण्याचं अर्धं कारण तिथंच असतं, चिखलाचा थर आणि गवताची कुसळं. बाटलीत पाणी घेऊन आतून बाहेरच्या दिशेनं मारा, उलट मारलं तर कुसळं आणखी आत रुततात.

रबरी पाईप फुटला असेल तर ती जागा कोरडी करा, सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून पाच-सहा वेढे द्या, दोन्ही टोकांना होज क्लिप किंवा बांधकामाची तार आवळा. फूट क्लिपच्या अगदी जवळ असेल तर त्याहून सोपं आहे, फुटलेलं टोक कापून पाईप पुढे सरकवा. त्यानंतर झाकण पूर्ण न लावता पहिल्या खटक्यावर ठेवा, म्हणजे दाब साठत नाही आणि पट्टी उडत नाही. याची किंमत मोजावी लागते. दाबाखाली १२० अंशांच्या आसपास उकळणारं कूलंट आता लवकर उकळणार. समुद्रसपाटीला साधं पाणी १००ला उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. बेळगाव सुमारे ७५० मीटरवर आहे, त्यामुळे या पट्ट्यात ते ९७-९८लाच उकळायला लागतं. म्हणून दर दोन-तीन किलोमीटरला थांबा, निवू द्या, पाणी बघा. नाल्याचं पाणी घालायचं तर पंचातून गाळून, आणि गरम इंजिनात एकदम नाही. इंजिन चालू ठेवून बारीक धारेनं.

रेडिएटरची नळी फुटली असेल, उदाहरणार्थ बांबूचं टोक घुसून, तर आजूबाजूच्या पत्र्याच्या जाळीला थोडं बाजूला करा, ती एक नळी कापा, दोन्ही टोकं पक्कडीनं चेपून दुमडा आणि वर एम-सील लावा. एक-दोन नळ्या कमी झाल्या तरी रेडिएटर काम करतो. हळद टाकण्याचा ट्रक ड्रायव्हरांचा उपाय सुईच्या भोकाएवढ्या गळतीला कधीकधी चालतो. मी शेवटचा म्हणूनच धरतो, कारण तीच हळद हीटरच्या नळ्यांतही बसते आणि नंतर सगळं धुऊन काढावं लागतं.

पंख्याचा पट्टा तुटला तर नायलॉनची दोरी पिळून काम भागतं असं सगळे सांगतात. जुन्या व्ही-बेल्टच्या गाडीवर मी ते केलंय. दीड किलोमीटर चाललं, मग पुन्हा बांधलं. नव्या गाड्यांचा लांब चपटा पट्टा असा बांधता येत नाही. दुसरा पट्टा सीटखाली ठेवा, जागा किती लागते त्याला?

खालून लागलं

जांभ्याचा दगड ऑईल चेंबरला लागला आणि ऑईलचा लाल दिवा पेटला, तर त्या क्षणी इंजिन बंद. "वळणापुढं घेऊ" म्हणणाऱ्याचं इंजिन वळणावरच जाम होतं. गळणारं ऑईल स्वच्छ भांड्यात धरा, कपड्यातून गाळून तेच परत घालायचंय. चीर कपड्यानं आणि थोड्या पेट्रोलनं चकचकीत पुसा, पॉलिश पेपरनं खरवडा. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना बोटभर पसरेल असं दाबून बसवा. त्याला घट्ट व्हायला निदान तासभर द्या, पावसाळी गार हवेत जास्त. तेल झिरपत असेल तर ते चिकटणार नाही, म्हणून चीर वरच्या बाजूला येईल अशी गाडी जॅकवर तिरकी करा.

डिझेलच्या टाकीला मात्र आधी साबण. कपडे धुण्याची वडी घ्या, पाणी न लावता भोकावर घासून घासून कोंबा. डिझेल-पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून तो धरून राहतो. आजूबाजूला बिडी, काडी काही नको.

पाटा तुटला त्या दिवशी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही हेम्माडग्याच्या पुढे एका कोरड्या ओढ्यातून वर येत होतो. खण्ण. गाडी उजव्या मागच्या बाजूला बसली आणि चाक मडगार्डला घासायला लागलं. स्प्रिंगच्या पट्ट्यांतला मेन पाटा टोकाच्या डोळ्याजवळ, म्हणजे चासीला जोडणाऱ्या कडीजवळ, तुटला होता आणि एक्सल चार बोटं मागं सरकलेला. बाजूच्या शिवारात भातकापणी चालली होती. एक मामा विळा घेऊनच आले.

"काय झालं हो पावनं?"

"पाटा तुटला मामा."

"मग? बैल लावून ओढूया काय?"

"ओढून कुठं नेणार, एक्सलच सरकलाय की."

मामा खाली वाकले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लाकूड चालतंय काय तुमच्या गाडीला?" घरी जाऊन मोडक्या नांगराचं इसाड, म्हणजे लांब दांडा, घेऊन आले. ऐनाच्या लाकडाचं, लोखंडासारखं. त्याचे करवतीनं दोन ठोकळे पाडले.

पुढचं काम असं झालं, आणि तुम्हालाही असंच करावं लागेल. जॅक एक्सलखाली नको, चासीखाली लावायचा, म्हणजे गाडी उचलली जाते आणि एक्सल मोकळा लोंबतो. जॅकखाली फळी पाहिजेच, नाहीतर गाडी वर जाण्याऐवजी जॅक खाली जातो. दोरखंड एक्सलला बांधून दुसरं टोक पुढे चासीच्या क्रॉस मेंबरला घ्यायचं, मध्ये टॉमी घालून पीळ द्यायचा. प्रत्येक पिळाबरोबर एक्सल केसाकेसानं पुढे येतो. समोरच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना दोरीनं मोजा, सारखं आलं की थांबा. मग तुटलेला मेन पाटा खालच्या पाट्याला साखळीनं किंवा यू-बोल्टनं आवळून बांधा. एक्सल आणि चासीच्या मधोमध, रबरी स्टॉपरच्या जागी, ठोकळा बसवा आणि तारेनं दोन्हीकडे जखडा. आता ती बाजू बैलगाडीसारखी, स्प्रिंग नाहीच. गाडी हळू उतरवा. टॉमीचा पीळ सोडायचा नाही, तो बांधूनच ठेवायचा.

साडेतीन तास लागले. ताशी दहाच्या वेगानं खानापूर गाठेपर्यंत रात्र झाली, आणि वाटेत दोनदा उतरून तार आवळली. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला असेल तरी एक्सल असाच सरकतो, पण तेव्हा काम निम्म्यावर येतं. नवा बोल्ट स्वस्तातली वस्तू आहे, दोन ठेवा.

मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला तर खाली लोखंड बडवल्यासारखा आवाज येतो. फोर बाय फोर असण्याचा, म्हणजे चारही चाकांना जोर मिळण्याचा, खरा फायदा इथं कळतो. आधी चारही चाकांना दगड लावा, कारण शाफ्ट सुटला की गाडी गिअरमध्ये असूनही घरंगळू शकते. शाफ्ट आणि फ्लँजवर खिळ्यानं खूण करा, दोन्ही टोकांचे बोल्ट काढा, शाफ्ट मागे टाका, ट्रान्सफरचा लिव्हर फोर-हायवर घ्या. गाडी आता पुढच्या चाकांवर चालते. हब हातानं लॉक करायचे असतील तर ते आधी. ज्या गाडीत शाफ्ट नुसता गिअरबॉक्समध्ये सरकवलेला असतो, तिथं तो काढला की त्या तोंडातून ऑईल वाहतं. प्लॅस्टिकची पिशवी आणि तार तयार ठेवा. चढावर पुढची चाकं फिरत राहतील, म्हणून सामान पुढच्या सीटकडे आणा. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक शाफ्टच्याच मार्गावर असतो, त्यामुळे आता त्यावर भरवसा नाही.

टायरॉड, म्हणजे स्टीअरिंगचा चाकं वळवणारा दांडा, वाकला तर काढा, दोन दगडांत धरून टॉमीनं जमेल तितका सरळ करा. तुटला तर जॅकचा दांडा किंवा पाण्याचा जाड पाईप फळीसारखा जोडून होज क्लिपांनी आवळा, जसा मोडलेला हात बांधतात तसा. पण स्टीअरिंगच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. एका बाजूला दरी असेल, चोर्ल्याचा उतार असेल, तर हे जुगाड करून गाडी चालवायची नाही. सपाट रस्त्यावर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू आणि जोरदार गिअरमध्ये, एक माणूस पुढे चालत, एवढंच.

टायर, ब्रेक, क्लच

ट्यूबलेसच्या पंक्चरला रबरी वाती सगळ्यांना माहीत आहेत. बाजूच्या भिंतीला चीर गेली तर वाती टिकत नाहीत. आत ट्यूब घाला आणि चिरेच्या जागी जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर ठेवा. टायर रिंगपासून सुटला असेल तर टायरच्या भोवती दोरखंड बांधून टॉमीनं पिळा, कडा रिंगला टेकतात, मग हवा मारा. हवा धरली की लगेच पीळ सोडा. आत पेट्रोल शिंपडून काडी लावायचे व्हिडीओ बघून तसं करू नका. स्टेपनी आणि ट्यूब दोन्ही गेलं, तर टायरात भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, ठासून भरा. अगदी ठासून, मुठीनं दाबलं तर आत जायला नको. पायी वेगानं चार-पाच किलोमीटर जातं. टायरची नंतर आशा ठेवू नका.

ब्रेकचा मागचा पाईप फुटला तर फुटीच्या अलीकडे धातूचा पाईप दोनदा दुमडून ठोका, ब्रेक ऑईल भरा, हवा काढा. त्यात इंजिन ऑईल कधीच घालू नका, रबरं फुगतात. उतार फोर-लो आणि पहिल्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर. क्लच गेला तर गाडी फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारा. गाडी आचका देऊन चालू लागते. नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर लागत नाही, पण पेडल दाबलं की तो खटका दबतो, क्लच काम करत नसला तरी.

रुतली

टायरची हवा १८ पौंडांवर आणा. जितक्या वेळा गाडी ओढण्याची मारामार मी पाहिली, त्यातल्या निम्म्या वेळा हे आधी केलं असतं तर दोर काढायलाच लागला नसता. मग चाकापुढची माती उकरा, पोट टेकलं असेल तर पोटाखालचीही, आणि दगड किंवा पिंजर घाला. हळू, पहिल्या-दुसऱ्या लो गिअरमध्ये. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय काढा. बाहेर आल्यावर हवा परत भरायची, म्हणून पंप पाहिजेच.

ओढताना दोर टो-बॉलला लावायचा नाही. बॉल तुटला तर गोळीसारखा येतो. चासीचा हुक किंवा शॅकलच. दोराच्या मध्यावर घोंगडं किंवा ओलं पोतं टाका, आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं राहायचं. पोरं व्हिडीओ काढायला जवळ येतात, त्यांना हाकला. विंच असेल तर झाडाला तार थेट बांधू नका, रुंद पट्टा घाला. झाडच नसेल तर स्टेपनी तीन फूट खड्ड्यात उभी पुरून तिला ओढता येतं. घाम निघतो, पण चालतं.

मदत, आणि रात्र

निघताना घरच्यांना दोन गोष्टी सांगा. कोणत्या रस्त्यानं जाणार, आणि कितीपर्यंत फोन आला नाही तर शोधायला यायचं. ११२ हा नंबर तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाच्या टॉवरवरून लागू शकतो. वाटेत शेवटची रेंज कुठं होती ते लक्षात ठेवा. सरहद्दीवर कधी गोव्याचा तर कधी चंदगडकडचा टॉवर पकडतो, टेकाडावर चढून बघायला हरकत नाही.

उजेड असेल आणि गाव चार किलोमीटरच्या आत असेल तर दोघांनी चालत जावं, रस्त्यानंच, पायवाटेनं नाही. अंधार पडला की गाडीत बसा. गवे आहेत, अस्वलं आहेत, अधूनमधून दांडेलीकडून हत्तीही येतात. काचा दोन बोटं उघड्या ठेवा. गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवू नका, धूर आत भरतो.

गाडीत काय असावं

मोठी यादी लिहिण्यात अर्थ नाही, तुमच्या गाडीचे बोल्ट बघून पाने निवडा. माझ्या पेटीत चावी पाने, रिंग पाने, लॉकिंग पक्कड, हातोडा, करवतीचं पातं, बांधकामाची तार, एम-सीलची तीन पाकिटं, साबणाची वडी, सायकलची ट्यूब, होज क्लिपा, फ्युज, पंख्याचा पट्टा, एक रबरी पाईप, सेंटर बोल्ट, तीन लिटर इंजिन ऑईल, ब्रेक ऑईल, दहा लिटर पाणी. दीड फूट लांब, दोन इंच जाड फळी जॅकसाठी. दोन डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, कारण तोंडात मोबाईल धरून बोल्ट दिसत नाही. आणि आता ऐनाचे दोन ठोकळेही, मामांचेच.

डांबरीवर आल्यावर गाडी चालते म्हणून घरी नेऊन ठेवू नका. जे जे केलं ते कागदावर लिहून स्टीअरिंगला चिकटवा. पाईपला ट्यूब, झाकण अर्धं, टाकीला साबण, मागचा शाफ्ट डिकीत. मेस्त्री तुमचा जुगाड ओळखू शकतो, पण त्याचा पोऱ्या गाडी धुवायला घेऊन जातो तेव्हा त्याला काही माहीत नसतं. आमची जीप एकदा अशीच वॉशिंगला गेली, प्रेशरच्या पाण्यानं टाकीचा साबण धुऊन निघाला, आणि सकाळी गॅरेजच्या फरशीवर बारा लिटर डिझेल होतं.